अनुभव धागा: ओझरचं विमान आणि द्वारकेचा सिग्नल

जेलरोडची

वसुबारसेचा दिवस होता, 17 ऑक्टोबर 2025. नाशिकजवळ ओझरच्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखान्यात जुळलेलं पहिलं तेजस मार्क 1ए लढाऊ विमान त्या दिवशी संरक्षणमंत्र्यांसमोर उडालं. आमचे बाबा त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, मिग विमानांच्या काळातले फिटर. निमंत्रण कुठलं असायला, पण 'दहाव्या मैलापाशी उभे राहू, वरून जाईल तेव्हा दिसेलच' असा त्यांचा हिशोब. वेळेत निघालो आणि नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो. पुढे कांद्याचा ट्रक, डावीकडे सिटीलिंकची बस, उजवीकडे टपावर आकाशकंदील बांधलेली रिक्षा. शेवटी बाबांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. पाण्याच्या फवाऱ्यांची कमान आणि तिच्याखालून येणारं विमान. "पुढचं चाक छान टेकलं," एवढंच म्हणाले. मागून हॉर्न वाजायला लागले म्हणून बघितलं, तर आमच्या पुढचा ट्रक हललाच नव्हता.

तर मंडळी, लिहा. कारखाना, विमानतळ, रस्ते, पूल, विमानाचा आवाज, काहीही. फक्त स्वतःचं लिहा, पेपरातलं सगळ्यांनी वाचलंय.

आडगावकर

ताई, जेलरोडवरून द्वारकेला गेलातच कशाला? नांदूर नाक्यावरून निघायचं ना.

जेलरोडची

बाबांच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. आणि नांदूर नाक्याचं कौतुक मला नका सांगू.

टाऊनशिपचा पोर

जन्म 1971, ओझर टाऊनशिप. आमचे वडील आणि तुमचे बाबा एकाच बसने जात असणार.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगतो. मिग-21 भारतात बनवायचं ठरलं तेव्हा 1963 मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड निघाली आणि पुढच्याच वर्षी ती एचएएलमध्ये मिसळली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि 1963 मध्ये नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. कारखाना त्यांनीच आणला, असं आमच्याकडे घरोघरी ऐकायला मिळायचं. द्राक्षबागांच्या मधोमध एकदम तेलुगू, ओडिया, पंजाबी, मल्याळी कुटुंबं येऊन राहिली. आमच्या वरच्या क्वार्टरमधल्या ओडिया काकूंना मराठीतला पहिला शब्द आला तो 'भाकर' आणि दुसरा 'शिफ्ट'.

घरातलं निम्मं फर्निचर रशियन होतं. म्हणजे सुटे भाग ज्या लाकडी पेट्यांतून यायचे, त्यांच्या फळ्या लिलावात मिळायच्या आणि ओझरचा सुतार त्यांचं काय हवं ते करून द्यायचा. माझ्या अभ्यासाच्या टेबलाला खालून काळ्या रंगात रशियन अक्षरं होती. मी टेबलाखाली बसून ती गिरवायचो.

शाळेत मिग डोक्यावरून गेलं की बाई खडू फळ्याला टेकवून थांबायच्या, आवाज सरला की त्याच शब्दापासून पुढे. "महाराज आग्र्याहून..." आणि मग अर्धा मिनिट सगळा वर्ग आग्रा रोडकडे बघत बसलेला.

वडिलांनी कामाविषयी घरी कधी चकार शब्द काढला नाही. आईला एवढंच कळायचं की आज उड्डाण आहे, कारण त्या दिवशी डबा परत यायचा तसाच भरलेला.

26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. त्या रात्री मी ते टेबल उलटं करून बघितलं. अक्षरं आता वाचता येत नाहीत.

शंकेखोर

छान आहे सगळं, पण गहिवरून जाण्याआधी एक गोष्ट. 83 तेजसचा करार झाला फेब्रुवारी 2021 मध्ये. पहिली विमानं 2024 मध्ये हवाई दलाकडे जायला हवी होती. तुम्ही फवाऱ्यांची कमान बघत होतात त्या दिवशीही ती गेली नव्हती. टाळ्या वाजवा, पण तारखाही बघा.

टाऊनशिपचा पोर

बरोबर आहे तुमचं. अमेरिकेहून यायचं एफ-404 इंजिन रखडलं, हे एक कारण. पहिलं आलं तेच मार्च 2025 मध्ये. पण टाऊनशिपच्या डोळ्यांनी बघा. ओझरने परवान्यावर 222 सुखोई लढाऊ विमानं बांधली. ती ऑर्डर संपत आली तेव्हा इथल्या चहाच्या टपरीवर एकच विषय असायचा, 'पुढे काय?' पोरांनी बेंगळुरूला अर्ज टाकायला सुरुवात केली होती. मग डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंचा करार झाला आणि आता तेजसची वर्षाला 8 विमानांची साखळी आली. एचटीटी-40 हे शिकाऊ वैमानिकांचं विमानही इथे बनणार. तुम्हाला तारीख दिसते, आम्हाला कामावर जाणारी बस भरलेली दिसते. दोन्ही खरं आहे.

अंबडवाला

माझं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं), सात माणसं. वीस वर्षं गाड्यांचे भाग केले. महिन्याला दहा हजार नग, त्यात चार-दोन वाकडे निघाले तर बदलून द्यायचे, विषय संपला. मग कोणीतरी डोक्यात भरवलं की विमानाच्या कामात पैसा आहे.

पहिली ऑर्डर चाळीस ब्रॅकेटची. वर्षभरासाठी चाळीस! माझ्या ऑपरेटरला वाटलं शून्य राहिलंय. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आला तो कागदांची फाइल घेऊनच. कुठल्या भट्टीचा, कुठल्या बॅचचा, कोणी तपासला. ठोकळा कापला की प्रत्येक तुकड्यावर तोच नंबर टाकायचा. नंबर पुसला तर तुकडा भंगारात, मग तो कितीही चांगला असो. एएस 9100 या विमानकामाच्या दर्जाचं सर्टिफिकेट मिळवायला दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात बायकोने मला जेवढं ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

एक प्रसंग सांगतो. अडतिसावा ब्रॅकेट. माप पक्कं, भोकं पक्की, कडांची बर, म्हणजे कापताना उठलेली धार, काढून झालेली. पोराने पुसताना तो टेबलावरून जरा ओढला आणि नखाने ओढावा तसा ओरखडा उठला. मी म्हटलं, पॉलिश पेपरने जाईल. इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला, "साहेब, जाईल. पण वर गेल्यावर तडा तिथूनच सुरू होतो." भारावर भार पडत राहिला की धातू थकतो आणि त्याला सुरुवात करायला एवढंच निमित्त पुरतं. लाल रंग मारून तो ब्रॅकेट आम्ही ऑफिसात टांगलाय. नवा पोरगा आला की आधी त्याच्याखाली उभा करतो.

पैसा? वरच्या कंपनीकडून बिल निघायला किती महिने लागतात ते विचारू नका, नाव तर त्याहून नको. घर अजून गाड्यांच्या भागांवरच चालतं. पण तेजसचा व्हिडिओ आला तेव्हा सातही जण मोबाइलभोवती उभे होते. त्यातला एक म्हणतो, "आपला कुठे असंल?" मलाच माहीत नाही आपला कुठल्या विमानात आहे. तसं सांगत नाहीत.

आडगावकर

लाल ब्रॅकेटचा फोटो टाका की.

अंबडवाला

ड्रॉइंग गुप्त आहे. भंगारातला असला तरी.

आयटीआय फिटर

मी निफाडची. घरात सगळ्यांना वाटलं मुलगी नर्सिंगला जाईल, मी आयटीआयला फिटर घेतलं. आता एका कारखान्यात विमानाच्या भागांना रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारते. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारणं वर आलीच आहेत.

रिव्हेट एकट्याने मारता येत नाही. बाहेरून एकजण गन धरतो, आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा टेकवून बसतो, त्याला बकिंग बार म्हणतात. आत बसणारा बारीक अंगाचा लागतो, म्हणून सुरुवातीला मला आतच कोंबलं. आवाज इतका की बोलून उपयोग नाही. एकदा ठोकलं तर चालू द्या, दोनदा ठोकलं तर थांबा. माझा जोडीदार दोन वर्षं माझ्याशी जास्त असंच बोललाय.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. आमच्याकडे प्रत्येक अवजाराची जागा फोममध्ये त्याच्याच आकाराची कोरलेली असते. शिफ्ट संपली की सगळे खड्डे भरलेले दिसले पाहिजेत. एकदा माझ्या ड्रिल बिटचं टोक मोडलं, तांदळाच्या कणीएवढं. ते सापडेना. काम थांबलं. टॉर्च, आरसा, चुंबक घेऊन सहा माणसं गुडघ्यावर. दोन तास. मला रडू येत होतं, पण एकही माणूस रागावला नाही. मी सांगितलं, लपवलं नाही, म्हणून असेल. शेवटी ते माझ्याच बुटाच्या खाचेत निघालं.

त्या रात्री घरी येताना गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी खणलेला रस्ता लागला. दिवा नाही, फळी नाही, आणि मातीच्या ढिगावर कोणाची तरी पहार तशीच पडलेली. मी ती उचलून कडेला ठेवली. सवय.

जानोरीचा बागायतदार

विमानतळाचं टर्मिनल आमच्या जानोरीच्या बाजूला. 2014 मध्ये ते बांधून झालं तेव्हा गावात बोलणं काय होतं, तर सकाळी बागेतून खुडलेली द्राक्षं संध्याकाळी दुबईत. माझ्या धाकट्या भावाने पासपोर्टसुद्धा काढला होता, द्राक्षं पोचवायला जायचं म्हणून!

आजही माझा माल कंटेनरमधून न्हावा शेव्याला जातो आणि तिथून जहाजाने रॉटरडॅमला. का, तर किलोमागे विमानाचं भाडं द्राक्षाला झेपत नाही. द्राक्ष थंडीत आठवडेच्या आठवडे टिकतं, त्याला एवढी घाई नाही. मग आमच्या मालाला उपयोग कशाचा झाला? समृद्धी महामार्गाचा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि कसारा घाटात कंटेनर अडकल्याची रात्र टळली. आमच्या वडिलांना धावपट्टीचं कौतुक होतं, मला त्या इगतपुरीच्या बोगद्याचं आहे.

सुखोईच्या आवाजाने मणी गळतात, असं एक शेजारी दरवर्षी सांगतो. गळत नाहीत. त्याची छाटणी चुकते.

पुणे-नाशिक-पुणे

दर शुक्रवारी पुण्यातलं हिंजवडी ते नाशिकचं सिडको. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, वेळ देवाच्या हाती. डिसेंबर 2017 मध्ये छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेतून पुणे-नाशिक विमान सुरू झालं तेव्हा मी वेड्यासारखा आनंदलो. छोटंसं विमान, गुडघे हनुवटीला लागायचे. दोनदा बसलो. तिसऱ्यांदा विमानतळावर पोचल्यावर कळलं की आज उडणार नाही. चौथ्यांदा परत तेच. मग शिवशाहीशी पुन्हा संसार सुरू केला.

रेल्वेचं तर त्याहून भारी. पुणे-नाशिक सरळ लोहमार्ग नाहीच, कल्याणचा वळसा पडतो. संगमनेर-नारायणगावमार्गे वेगवान रेल्वे ठरली, जमिनीही घ्यायला लागले, आणि आडवी आली दुर्बीण! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे ना, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. ती आकाशातले इतके क्षीण रेडिओ संकेत ऐकते की विजेवर चालणारी गाडी जवळून जाणं म्हणजे कीर्तनात मिक्सर लावणं. मला राग यायला हवा होता, पण नारायणगावला गाडी अडकली की लांबवर त्या पांढऱ्या ताटल्या दिसतात आणि वाटतं, जाऊ दे, ऐकू दे त्यांना. आता मार्ग शिर्डी-अहिल्यानगरवरून वळवायचं चाललंय. म्हणजे पुन्हा वळसाच.

सिडकोतली आजी

मोठी माणसं बोलतात तिथे मी काय लिहू, पण नातू म्हणाला लिही. नाशिकमध्ये 'उड्डाण' म्हटलं की आधी पूल आठवतो. 2013 मध्ये तो सुरू झाला तेव्हा हे मला स्कूटरवर मागे बसवून फक्त बघायला घेऊन गेले, वर चढून दुसऱ्या टोकाला उतरलो आणि खालून परत आलो. मग 2021 च्या बजेटात मेट्रो आली, टायरवर चालणारी, 2,092 कोटींची. ह्यांनी कात्रण कापून ठेवलं. ते गेले, कात्रण आहे, खांब एकही नाही. आता कुंभमेळ्यासाठी सगळीकडे खणलंय. भाजीला जाताना नातू हात धरतो.

शंकेखोर

आजी, कात्रण जपून ठेवा. लागेल.

जेलरोडची

बाबांना सगळं वाचून दाखवलं. टाऊनशिपचा पोर, तुमच्या वडिलांना ते ओळखत होते, बस नंबरसुद्धा सांगितला. अंबडवाल्यांच्या ओरखड्यावर दोनदा मान हलवली. आणि फिटर ताई, बाबा विचारतायत की टोक बुटात सापडल्यावर तुम्ही बूट बदललेत की नाही? खाचा कमी असलेले घ्या म्हणतात.

आयटीआय फिटर

काकांना सांगा, दुसऱ्याच दिवशी बदलले.

नवीन सभासद

धागा उशिरा वाचला. एक मदत हवीय. सोमवारी ओझरहून पहिल्यांदाच विमानाने जातोय, सोबत आई आहे, व्हीलचेअर लागते. नाशिकरोडहून किती आधी निघावं?

आडगावकर

विमानाची वेळ बाजूला ठेवा. द्वारका किती वाजता ओलांडणार ते सांगा, मग बोलू.