शिकाऊ विंडसर्फरने जोराच्या वाऱ्यात उतरावे का?

खाडीकाठ (धागालेखिका): गोव्याच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरतो आणि सकाळी सपाट पाण्यावर दोन धडे गिरवलेली मंडळी नेमकी तेव्हाच पुन्हा शीड लावलेला बोर्ड घेऊन उतरतात. माझे मत असे की, वाऱ्याच्या विरुद्ध तिरपे जात निघाल्या जागी परत येणे ज्याला साधलेले नाही, त्याने वारा १२ नॉटच्या (ताशी सुमारे २२ किलोमीटरच्या) वर असताना उतरू नये. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचे २० झाले की शिडावरचा जोर चौपट होतो. गेल्या वर्षी माझे शीड पाण्यात आडवे पडले, त्यावर पाणी साचले आणि दोरी ओढून ते उचलण्याच्या सातव्या-आठव्या प्रयत्नानंतर माझ्या बोटांत मूठ आवळण्याचेही बळ उरले नाही.

सुकाणू: मी असहमत आहे. हलक्या वाऱ्यात नुसत्या हातांनी शीड पेलता येते. १६ नॉटमध्ये अंग मागे टाकून सगळे वजन बूमवर, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीवर, सोडावे लागते आणि ही सवय किनाऱ्यावर उभे राहून लागत नाही. शीड मात्र लहान घ्यावे: १० नॉटला ५ चौरस मीटरचे चालत असेल, तर १५ नॉटला त्याच्या निम्म्याहून मोठे नको. लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि जवळ प्रशिक्षकाची मोटारबोट असल्यास अडवण्याचे कारण मला दिसत नाही.

मतलई: आपण दोघेही वेगाविषयीच बोलत आहात, दिशेचे काय? सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत माडांचा आडोसा असल्याने पाणी निवांत दिसते, आडोसा संपला की वारा वाढतो आणि शीड पडलेल्या माणसाला तो आणखी आत लोटत नेतो. खारा वारा जोराचा असला, तरी दमलेल्याला निदान किनाऱ्याकडे आणतो. म्हणून नवख्यांसाठी ८ नॉटचा मतलई मला १५ नॉटच्या खाऱ्या वाऱ्याहून अधिक घातक वाटतो.

खाडीकाठ: हे मला पूर्ण मान्य आहे, दिशा आधी पाहावी. मोटारबोटीच्या भरवशावर मात्र मी कोणालाही पाठवणार नाही, कारण दोघे दोन दिशांना अडकले तर ती एकाकडेच जाऊ शकते. बोर्ड सोडून पोहत सुटायचे नाही, हे आधी मनात पक्के हवे. डोलकाठी बोर्डापासून सोडवून, शीड गुंडाळून बोर्डवर आडवे ठेवणे, पालथे झोपून हातांनी वल्हवत येणे आणि तेही न जमल्यास दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत मदत मागणे, एवढे ज्याने शांत पाण्यात, किनाऱ्यापासून १०० मीटरवर करून दाखवले, त्याच्यासाठी मी १२ नॉटची अट सोडायला तयार आहे.

सुकाणू: ही अट मला मान्य आहे. फक्त शांत पाण्यात गुंडाळलेले शीड आणि लाटांवर हिसके देणारे शीड यांत फार अंतर असते, त्यामुळे हाच सराव बोट जवळ असताना, खाऱ्या वाऱ्यात, १५ नॉटमध्येही एकदा करवून घ्यावा.