महमूद गावानाच्या सुधारणा आणि दरबारी अमीर

प्रश्न: बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने राज्यातील चार तरफांच्या (प्रांतांच्या) आठ तरफा केल्या, हे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु केवळ प्रदेशांच्या वाटणीमुळे अमीर वजिराच्या जिवावर उठतील, हे पटत नाही. नेमके काय दुखावले गेले असावे?

प्रतिसाद १: खरे दुखणे किल्ल्यांचे होते. पूर्वी तरफदार, म्हणजे तरफेचा सुभेदार, आपल्या तरफेतील सर्व किल्ल्यांवर स्वतःची माणसे नेमत असे. गावानाने त्याच्याकडे एकच किल्ला ठेवला, बाकीचे किल्लेदार थेट सुलतानाच्या हुकमाने नेमले जाऊ लागले, आणि शिवाय प्रत्येक तरफेतील काही मुलूख खालसा करून त्याचा वसूल सरकारी खजिन्याकडे वळवण्यात आला. दौलताबादेतून जुन्नर आणि वऱ्हाडातून माहूर वेगळे निघाले ते याच फेररचनेत.

प्रतिसाद २: त्यात दखनी (स्थानिक) आणि आफाकी (परदेशातून आलेले) अमीर यांचे जुने वैर होतेच, आणि गावान पडला इराणातील गीलानचा. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला गेला आणि त्यावर ओडिशाच्या गजपती राजाला स्वारीचे आमंत्रण लिहिले गेले. शिक्का आपला आहे, मजकूर नाही, असे गावानाने सांगूनही तिसऱ्या मुहम्मदशाहाने ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद करवला.

प्रश्नकर्ता: सुलतानाला आवरणारे कोणीच नव्हते का?

प्रतिसाद १: मुहम्मदशाहाच्या आधीचा अल्पवयीन बहमनी सुलतान निजामशाह याच्या काळात राजमाता, ख्वाजा जहान हा अमीर आणि गावान असे तिघे मिळून कारभार पाहत होते. तो धाक पुढे उरला नाही.