नवतप्यात (मेअखेरीपासूनच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) म्हणे सुती घालू नका!

खिंडसीकाठ
कालची ती पोस्ट: "ट्रेकला सुती म्हणजे मरण. दुपट्टा घरी, अंगात ड्राय-फिट, पाठीवर हायड्रेशन ब्लॅडर." म्हणजे झटकन वाळणारं सिंथेटिक कापड आणि नळीने पाणी ओढायची पिशवी. हिमालयातला नियम उचलला आणि मे महिन्यातल्या रामटेकच्या गडावर चिकटवला. तिकडे सुती नको, कारण ते घाम धरून ठेवतं आणि वाऱ्यात अंगातली उष्णता ओढून नेतं. इथे ४४ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असताना उष्णता ओढणंच तर पाहिजे! एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. ड्राय-फिट झटकन कोरडं होतं, मग पुढचा गारवा तुमच्याच घामातून. सैल सुती सदरा घाला, दुपट्टा भिजवा, पिळा, डोक्या-मानेवर घ्या. घरचा कूलरही पाणी उडवूनच गार करतो; तो गार हवा देतो तोवर सुती चालतं. जुलैत कूलर नुसती चिकचिक करतो, तेव्हा सुती घरी.

बर्डीचा_बूटवाला
काय सांगून राहिला बे? भिजवायला पाणी कुठून आणतो? दुपट्ट्याला एका वेळी २००-२५० मिली धर. अर्ध्या तासात वाळतो. चार तासांत दोन लिटर डोक्यावर ओतलं, प्यायला काय? शिवाय पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा यूपीएफ (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा, जास्त तेवढा बरा) साधारण ७, ओला झाला की ३ च्या आसपास. सॅकच्या पट्ट्याखाली ओलं कापड घासून खांदे सोलतात ते वेगळंच.

खिंडसीकाठ
जाड विणीचा, गडद रंगाचा सदरा घे, यूपीएफची रड संपली. भिजवायला पिण्याचंच पाणी लागत नाही, नाल्याचं चालतं.

बर्डीचा_बूटवाला
मे महिन्यात नाला? कोणत्या ग्रहावर राहतो भाऊ?

खिंडसीकाठ
बरं, नाला मागे घेतो. हापशी, टाकं, गावातली विहीर. आणि सुती मोजे मीही सांगत नाही. ओल्या सुती मोज्यात टाच सोलणारच, तिथे लोकर किंवा नायलॉन.

महाल_छागलवाला
कपड्यावरून भांडता, आणि ब्लॅडरला कोणी काही म्हणत नाही? नळी एक मीटर, आतून ६ मिमी, म्हणजे जवळपास २८ मिली पाणी उन्हात तापत राहतं. पहिले दोन घोट चहा! किती उरलं तेही दिसत नाही. त्यापेक्षा छागल, म्हणजे पाणी पाझरून गार करणारी जाड कॅनव्हासची पिशवी. एक टक्का पाणी उडालं तर उरलेलं हिशेबाने सहा अंश उतरतं.

ऑरेंज_सिटी_हायकर
हिशेबानेच. बाहेरून उष्णता आत येतच राहते आणि वेट-बल्बच्या (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या तापमानाच्या) खाली काही जात नाही, ४४ ला १५ टक्के आर्द्रता असेल तर २३ च्या आसपास. तेही सावलीत वाऱ्यावर टांगली तर. सॅकमध्ये कोंबली की हवा नाही, गारवा नाही, उलट कपडे ओले. नळीचा उपाय सोपा: घोट घेतला की फुंकर मारून पाणी मागे ढकला.

महाल_छागलवाला
सॅकमध्ये कोंबायला सांगितलं कोणी? बाहेर, उन्हाच्या विरुद्ध बाजूला, दोन ठिकाणी बांधायची म्हणजे डोलत नाही. नवी असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सूत फुगेपर्यंत गळणारच. लोक पहिल्याच दिवशी भरतात, धार लागली की शिव्या देतात. आणि तुमच्या नळीतली काळी बुरशी कोण खातं?

ऑरेंज_सिटी_हायकर
जो धूत नाही तो. कोमट लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा, अर्धा तास. चावायचा व्हॉल्व्ह काढून वेगळा, नळीला ब्रश. मग पिशवी उलटी, आत चमचा घालून तोंड उघडं. ब्लॅडरमध्ये साधंच पाणी भरा, ओआरएस बाटलीत.

धंतोली_डोस
ओआरएस निघालंच तर ऐका. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एका लिटरात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतता काहून? घट्ट झालं की तहान वाढते, पोट बिघडतं. आणि घाम गाळत दिवसभर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं: डोकेदुखी, उलटी, गोंधळ. त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात!

नागद्वारी_काका
आमच्याकडचे इतके लोक श्रावणात पचमढीला नागद्वारच्या यात्रेला सुतीतच जातात. माझा मामेभाऊ तर धोतरात. काही होत नाही.

बर्डीचा_बूटवाला
काका, किस्सा नको, कारण सांगा. तिथे पाऊस, वारा, रात्री गारठा. ओलं सुती तिथेच घातक, १५ अंशांतही माणूस थंडीने कुडकुडून गळपटतो. तिथे सिंथेटिक आतला कपडा, वर पोंचो, कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.

खिंडसीकाठ
हेच मी पहिल्यांदा लिहिलं होतं, जुलैचं. वाचायचं कष्ट घेतले असते तर...

बर्डीचा_बूटवाला
हो बाप्पा, तूच शहाणा. उन्हाळ्यात सैल सुती, मान्य. टी-शर्ट मान्य नाही.

महाल_छागलवाला
छागल घेणाऱ्यांनो, आत प्लास्टिकचं अस्तर असलं तर परत करा. पाझरणारच नाही तं गार कशाने होईल?