वय कशावरून धरायचं, हाडावरून की शाळेच्या दाखल्यावरून?

गोदाकाठ:
मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, पोक्सो (अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आणि बाल न्याय मंडळाच्या केसेस कायम हातात असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९४ म्हणतं आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी. आता गावाकडच्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडून बघा, ओळीने १ जून, १ जून. बाळंतपण घरी झालं, तारीख कुणाच्या लक्षात नाही, गुरुजींनी प्रवेशाला वय बसेल अशी तारीख टाकली आणि तीच पुढे दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली. असल्या तारखेवर पोरगा सज्ञान की अल्पवयीन ठरणार असेल तर हाडांची तपासणी पहिली हवी. एक्सरेत तारीख कुणाला घुसवता येत नाही.

क्ष_किरण:
अजिबात पटलं नाही. मी रेडिओलॉजीत आहे. मनगटाच्या एक्सरेत रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, खालच्या टोकाला एक काळी रेघ दिसते, ती वाढीची कूर्चा, पोरगं वाढत जातं तशी ती बारीक होते आणि शेवटी पुसली जाऊन हाड एकसंध होतं. मुलींत हे साधारण सोळा-सतराला, मुलांत सतरा ते एकोणीसला. म्हणजे आम्ही बघतो ती हाडाची वाढ, जन्मतारीख नाही. आणि ताडून बघतो कशाशी, तर ग्रूलिक-पाइलच्या अॅटलासशी, म्हणजे वयाप्रमाणे लावलेल्या नमुना एक्सरेंच्या पुस्तकाशी, ज्यातले एक्सरे १९३१ ते ४२ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांचे काढलेले आहेत. ऊसतोडीवर वाढलेल्या, पोटाला पुरेसं न मिळालेल्या पोराचं हाड मागे राहतं, त्याला ते माप लावायचं?

गोदाकाठ:
भारतीय मुलांवरही काम झालंय की, गालस्टॉनने १९३७ मध्येच बंगालमधल्या मुलांचे निष्कर्ष छापलेत. आणि चूक दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकते हे सुप्रीम कोर्टाने १९८२ च्या जया माला केसमध्येच सांगून ठेवलंय. निदान रिपोर्ट रेंज तरी देतो, रजिस्टर बनावट तारीख छातीठोकपणे देतं.

रानजाई:
दादा त्या रेंजचं पुढे काय होतं ते लिहा ना. मी अशा मुलींसोबत काम करते. रिपोर्ट येतो "सोळा ते अठरा". दिल्ली हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की पोक्सोत रेंजमधलं वरचं वय धरा आणि त्यावर दोन वर्षांचं मार्जिनही द्या, म्हणजे झाली वीस. मुलगी खरोखर सोळाची असली तरी केस पोक्सोच्या बाहेर, आणि तिकडे आरोपी पोरगा असेल तर खालचं वय धरून तो अल्पवयीन, कारण संशयाचा फायदा दोन्हीकडे आरोपीलाच. तुम्ही तपासणी पहिली आणा म्हणता, त्याची किंमत कोण देणार हे तुम्हाला कोर्टात दिसत असेलच.

चौथा_स्टंप:
क्रिकेटमध्ये चालतंय की हे. मुलांच्या अंडर-१६ ला बीसीसीआय टीडब्ल्यू३ पद्धतीने (एक्सरेतल्या हाडांना गुण देऊन वय काढतात ती) मनगट बघते, फिफा २००९ पासून अंडर-१७ ला एमआरआय करते, मनगट पूर्ण जुळलेलं दिसलं की पोरगा बाहेर. खोट्या दाखल्यांना दुसरा उपाय नाही.

क्ष_किरण:
तिथे प्रश्न एवढाच की पोरगा स्पर्धेत बसतो का. फार तर सीझन जातो. इथे जेल आहे. करायचंच असेल तर जर्मनीतल्या फॉरेन्सिकवाल्यांसारखं करा, शारीरिक तपासणी, हाताचा एक्सरे, दात, आणि हात पूर्ण जुळलेला असला तर गळपट्टीच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) आतल्या टोकाचा सीटी स्कॅन, कारण ते टोक सगळ्यात शेवटी, विशीत जाऊन जुळतं. नुसतं मनगट बघून अठराची रेषा मारणं मला शास्त्र म्हणून मान्य नाही.

गोदाकाठ:
सीटीची सोय तालुक्याला कुठाय? माझा मुद्दा कायम आहे, आणि दुसरं म्हणजे ग्रामपंचायतीची जन्मनोंद वेळेत झालेली असताना शाळेचा दाखला तिच्या वर का? हा क्रमच उलटा आहे.

रानजाई:
याला मात्र माझा पाठिंबा. आम्ही मुलीच्या घरी गेलो की आधी लसीकरणाचं कार्ड शोधायला लावतो, बीसीजी जन्मल्यावर लगेच देतात, ती तारीख पेनाने लिहिलेली असते. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्येही सापडते.

गोदाकाठ:
कलम ९४ च्या यादीत कार्ड नाही ताई. पुरावा म्हणून लावता येतं, पण दाखल्यावर १ जून असेल तर समोरचा वकील तोच पुढे करतो.