शब्दचर्चा : 'अनडेड' फौजेला मराठीत काय म्हणावं? भुतं, मढी का सापळे?

नांदेडचा फासेवाला

मंडळी राम राम. आमचा इथं चार-पाच जणांचा ग्रूप हाय, टेबलावर छोट्या छोट्या मिनिएचर मांडून, टेप लावून इंच मोजून आणि फासे टाकून लढाया खेळतो, वॉरहॅमर पण आणि किंग्स ऑफ वॉर पण. माझी फौज अनडेडची, म्हणजे मेलेले पण मंत्रानं परत चालते झालेले, हाडाचे सापळे, झॉम्बी, वटवाघळं आणि सगळ्यांच्या वर एक व्हॅम्पायर. आता ग्रूपात नवीन पोरं आलेत, त्यांना इंग्रजी रूलबुक वाचायचा लई कंटाळा, म्हणून मी दोन पानी मराठी कागद करायलोय आणि पहिल्याच ओळीला गाडी अडकली. अनडेडला लिहू काय? 'भुतांची फौज' लिहिलं की पोरं हसायलेत, 'अमर सेना' म्हणलं की देवादिकांची वाटती, 'अ-मृत' तर सरकारी परिपत्रकातून आल्यासारखं.

डिप्लॉय (डावाआधी फौज टेबलावर लावणं), कमांड (सेनापतीचा हुकूम पोचतो ते अंतर), रेझ (मेलेले मंत्रानं उभे करणं), क्रंबल (हरल्यावर आपोआप गळून पडणं) हे पण राहिलेत. मागच्या डावात मी आपलं सहज म्हणलं, 'डाव्या बाजूला सापळे लावले', तर समोरच्या पोरानं त्याचं घोडदळ तिकडं नेलंच नाही, त्याला वाटलं खरंच ट्रॅप हाय म्हणून, अख्खी एक टर्न घोडे जागेवर उभे. मला फायदा झाला ती गोष्ट वेगळी, पण कागदावर हे चालणार नाही.

गोदाकाठ

भाऊ, भूत आधी कटाप करा. आपल्याकडं भुताचं नाव पडतं तेच मुळात तो माणूस कसा मेला आणि कशापायी अडकून राहिला यावरून. मुंज झाली अन लग्नाआधी गेला की मुंजा, त्याचा पिंपळ ठरलेला. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. धनावर जीव ठेवून, मागं कुणी वारस नसताना गेला तो समंध. खवीस तर अरबी 'खबीस'मधून इकडं आलेला, पण त्याची पण खोड वेगळीच. म्हणजे प्रत्येकाची स्वतःची वासना, स्वतःचं झाड, स्वतःची विहीर. असल्या लोकांना रांगेत उभं करून कवायत करून घ्या बघू! मुंजा काय पिंपळ सोडून तुमच्या व्हॅम्पायरच्या हुकमानं चालणार हाय का?

तुमच्या सापळ्याला काहीच नको असतंय. तो रुसत नाही, घाबरत नाही, त्याला घर आठवत नाही. कुणीतरी मंत्र मारला म्हणून उभा हाय, मंत्र सुटला की हाडं खाली. म्हणून शब्द धरायचा तो आत्म्याचा नाही, देहाचा. मढं. मढ्यांची फौज. आणि रेझला 'मढी उठवणं', हे तर आपल्या तोंडातलंच हाय, जुनी मढी उकरून काढायची सवय घरोघरी, इथं नुसती उकरून लढायला पाठवायची.

उदगिरी भैय्या

काका मढ्यांची फौज झकास, पण मग वेताळाचं काय? अमावस्येला मशाली घेऊन वेताळाची पालखी निघती, मागं सगळा भुतांचा लवाजमा, ती फौजच झाली की. तिथं कशी ऐकतात मग भुतं?

गोदाकाठ

चांगलं काढलंस. गावाकडचा वेताळ भुतांचा राजा, त्याच्या पालखीमागं चालणारे ते त्याचे चाकर, कोतवाल, पण लढाईला कुठं चाललेत, फेरी काढून परत येतात. संस्कृतातला वेताळ मात्र वेगळा, तो मढ्यात शिरतो आणि मढं बोलायला लागतं. आणि ही गोष्ट कुठली हाय माहितीये का? आमच्या पैठणची. काश्मीरच्या सोमदेवानं ११व्या शतकात कथासरित्सागर लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी जिथं सुरू होतात तो राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरातला, म्हणजे पैठणचा. एक भिक्षू त्याला रोज फळ देतो, फळात रत्न निघतं, मग मसणवटीतल्या झाडाला लटकलेलं मढं आणायला पाठवतो. आणि ज्या बृहत्कथेवरून हे सगळं आलं म्हणतात, ती गुणाढ्यानं सातवाहनाच्या पदरी असताना पैशाची भाषेत लिहिली अशी परंपरा. पैशाची, म्हणजे पिशाचांची भाषा! एवढं घरचं असताना आपण अनडेड अनडेड करत बसायलोत.

गंमत म्हणजे रिचर्ड बर्टन या इंग्रज साहेबानं १८७० साली याच गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. तर आपण उलटं करायला काय हरकत हाय, तुमच्या व्हॅम्पायर सरदाराला वेताळ म्हणा, खालच्यांना मढी, आणि सगळी मिळून वेताळसेना. फौजेचं नाव चालवणाऱ्यावरून पडलं पाहिजे, शिपायावरून नाही, कारण शिपायाला नाव नाहीच.

उदगिरी भैय्या

हे गेमच्या हिशोबानं पण बरोबर बसतंय बघा, मी पण मढीच खेळतो म्हणून सांगतो. वॉरहॅमरच्या जुन्या आवृत्त्यांत इतर फौजा दुप्पट चालीनं दौडत जाऊ शकायच्या, मढ्यांना मात्र ती दौड सेनापतीच्या १२ इंचाच्या आत असतील तरच, बाहेर गेली की पाय ओढत एकपट चाल. बरं सेनापतीच मेला तर सगळ्या फौजेची पडझड सुरू. म्हणून नवीन पोरगं काय चूक करतंय, व्हॅम्पायर लई भारी म्हणून त्याला एकट्याला बगलेवरून पळवतंय, अन मधली चाळीस सापळ्यांची पलटण तिथंच घोटाळत राहती. आपल्यात सेनापती मधोमध ठेवायचा, पुढं झॉम्बींची जाड फळी, त्यांनी नुसतं अडकवून धरायचं, मारणारे दोन्ही बगलांना ठेवायचे.

तर त्या १२ इंचाला माझा शब्द 'हाकेचा टप्पा'. तोफेचा टप्पा म्हणतो ना आपण, तसंच. 'ही पलटण हाकेच्या टप्प्यात हाय का', पोरं लगेच टेप काढतेत, समजावून सांगावं लागत नाही.

डिप्लॉयला 'तैनात' नको, बंदोबस्ताला पोलीस तैनात वाटतेत, अन आपल्याकडं तैनाती फौज म्हणलं की निजामाचा १७९८चा करार, शाळेत मार खाल्लेला आठवतो. 'मांडणं' घ्या. बुद्धिबळ मांडतात, डाव मांडतात, फौज पण मांडावी. मग 'सापळे मांडले' म्हणता येतंय, ट्रॅपचा घोळ मिटला. जी तुकडी टेबलाबाहेर ठेवून नंतर येती तिला 'कुमक', पुढं धावणाऱ्या लांडग्यांना 'बिनी', मागं राखण करणाऱ्यांना 'चंदावल'. १७६० साली आमच्या उदगीरला सदाशिवराव भाऊ अन निजाम भिडले त्या काळातले शब्द हायेत हे, गंज काढून वापरायचे.

रंगवणारी ताई, परभणी

मी खेळत कमी, रंगवते जास्त, पण एक सांगू का, झॉम्बीचं कुणी बघितलंच नाही. आपल्याकडं 'झोंबी' शब्द आधीपासून हाय, झोंबी म्हंजे झटापट, अंगाला अंग भिडवून. आमच्या बाबांना 'झोंबीची पलटण' वाचून दाखवलं तर ते म्हणले पैलवान हायेत का. आणि भैय्या आत्ताच म्हणला ना की झॉम्बीचं काम नुसतं अडकवून धरायचं, मग झोंबीच लिहा की, तो ऑ कशाला पाहिजे. झोंबणाऱ्या त्या झोंबी.

घूलसाठी पण एक. घूल अरबीतून इंग्रजीत गेलेला, मढी खाणारा. त्याला लोक 'राक्षस' करतेत ते मला पटत नाही. 'पिशाच' घ्या. पिशित म्हंजे मांस, त्यावरून पिशाच अशी व्युत्पत्ती जुने लोक देतात, म्हंजे मूळचा मांसखाऊच. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ते हेच. आणि काका, 'मढं' शब्द माझ्या आईसमोर उच्चारला तर ती ओरडती, घरात अभद्र बोलू नको म्हणून. 'मुडदे' चालंल का?

गोदाकाठ

ताई, झोंबी एकदम मान्य. मुडद्याचं मात्र असं की मुडदा पडतो, मुडदा पाडतात, आणि 'मुडद्या' ही शिवी. पडलेल्याचा शब्द हाय तो. मढं तिरडीवर उठून बसलं असं आपण गोष्टीत म्हणतोच. आईसमोर सापळे म्हणा, कागदावर मढी लिहा.

नांदेडचा फासेवाला

लई भारी. वेताळ, मढी, मांडणं, हाकेचा टप्पा, झोंबी, सगळं घेतलं. आता क्रंबल. रूल असा की मढ्यांची पलटण हातघाईत हरली तर पळत नाही, जेवढ्या फरकानं हरली तेवढे गडी वरून आणखी मरतात. म्हणजे ४ नं हरली की ४ सापळे जास्तीचे उचलायचे. मी 'मोडली' लिहिलं होतं, एक जण म्हणला 'खचली'.

उदगिरी भैय्या

मोडली म्हंजे पळाली. जित्या माणसांची फौज मोडती, आणि मढी पळतच नाहीत हाच तर सगळा रूल हाय. खचायला पण मन लागतं.

गोदाकाठ

ढासळली. पावसात जुन्या घराचं माळवद ढासळतं तसं, कुणी ढकलत नाही, कुणी पळत नाही, जागच्या जागी माती खाली येती, आणि उरलेलं तसंच उभं. '४ नं हरली, ४ ढासळले'. सेनापती गेल्यावरची सगळ्या फौजेची पडझड पण याच शब्दात बसती.

उदगिरी भैय्या

दोन ठिकाणी मात्र सांभाळून लिहा भाऊ. एक, टूम किंग्सची जी इजिप्तसारखी फौज हाय, तिच्यात जुन्या रूलप्रमाणं राजा मेला तर नाही, मुख्य पुजारी मेला तर ढासळतंय. म्हणून कागदावर सरसकट 'सेनापती मेल्यावर' नको, 'मढी उठवणारा मेल्यावर' लिहा, दोन्ही फौजांना बसतंय.

दुसरं, किंग्स ऑफ वॉरमध्ये एकेक सापळा उचलायचाच नसतो, अख्खी पलटण असती नाहीतर जाती, तिथं ढासळणं चालणार नाही, 'उठली' म्हणावं लागंल, पण उठली म्हणलं की मंत्रानं उठवली का टेबलावरून उठली, परत घोळ.

रंगवणारी ताई, परभणी

तिथं 'निकालात निघाली'.

उदगिरी भैय्या

बेस्ट. अन त्यातलाच एक मंत्र हाय सर्ज, मढ्यांना एरवी दुप्पट चाल नसती, पण हा मंत्र टाकला की जेवढे फासे लागले तेवढे इंच पलटण सरळ पुढं ढकलली जाती, त्यासाठी 'रेटा' कसा वाटतो? 'पाच फासे लागले, पाच इंच रेटा'. समोरच्यानं आपण पोचत नाही म्हणून निवांत उभं राहावं अन आपण चालून वरून रेटा द्यावा, तोंड बघण्यासारखं होतंय.

नांदेडचा फासेवाला

रेटा घेतला. रविवारी प्रिंट काढतो. निशाणवाल्याला 'जरीपटका' लिहू का नुसतं निशाण?

गोदाकाठ

निशाण. जरीपटका मढ्याच्या हातात देऊ नका, भांडणं लागतील.