'चक्री' की 'भोवरा'? झँगीफच्या डावाला मराठीत काय म्हणायचं

दांडीमोड्या
भाचा पुण्याला असतो, जुन्या गेमचे व्हिडिओ काढतो. आता स्ट्रीट फायटर टूवर काढायलाय आणि खाली मराठी पट्टी टाकायची म्हणून माझ्या मागं लागलाय. बाकीचं झालं, झँगीफपाशी गाडी अडली. तोच तो, लाल चड्डीतला रशियन पैलवान, अस्वलांशी कुस्ती खेळून अंगभर वण पडलेला. त्याचा तो समोरच्याला उलटा धरून वर उडायचा आणि गरगर फिरत येऊन डोक्यावर आपटायचा डाव. मी बिनधास्त 'चक्री' लिहून दिलं. भाचा म्हणतो, मामा असं काही नसतंय, स्पिनिंग पाइलड्रायव्हर म्हणतात. अरे पण आम्ही परभणीत शाळा बुडवून पाच वर्षं चक्रीच म्हणत आलो की! त्यात आमच्या साडूनं घोळ घातला, ते लातूरचे, म्हणे आमच्याकडं 'भोवरा' म्हणायचे. तर कुठं काय म्हणायचे सांगा, आणि पट्टीवर लिहू काय? उद्या रात्रीपर्यंत द्यायचंय.

नांदेडी
हौ, आमच्याकडं बी चक्रीच. पण पैलवान फिरतो म्हणून नाय बरं का, मशीनवरची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, फिरवावी लागती म्हणून. दांडी पूर्ण गोल आणि लगेच बुक्कीचं बटण. गोम अशी की गोल फिरवताना दांडी वर जातीच, आणि वर गेली की गडी उडी मारतो. हळू फिरवणाराचा झँगीफ नुसता टुणुक टुणुक उड्या मारायलाय आणि समोरचा त्याला खालून बदडायलाय, असा तमाशा. खरं तर पाऊण घेरा झाला तरी डाव लागतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तवर किती रुपये घातले देवाला माहीत.

दांडीमोड्या
माझं नाव त्यावरूनच पडलंय. गेम पार्लरवाल्यानं मशीनवर खडूनं लिहिलं होतं, 'चक्रीत दांडी मोडल्यास भरून घेण्यात येईल.' म्हणजे लेखी पुरावा आहे. होता.

ज्वारीची_भाकर
भोवऱ्याला काय झालं? भोवरा आरीवर फिरतो आणि इथं उलट्या धरलेल्या माणसाचं डोकं म्हणजेच आर. चक्री दिवाळीतली, भुईवर लोळणारी. बघणाऱ्याला जे दिसतंय त्याचं नाव द्या ना, तुम्ही हातानं दांडी फिरवली का वरवंटा, ते व्हिडिओत कुठं दिसायलंय?

अंबानगरी
चक्री आणि भोवरा दोन्ही टोपणनावं झाली, अनुवाद नव्हे. मुळाकडे जाऊ. खेळ १९९१ चा, जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, आणि जपानीत या डावाचं नाव स्पिनिंग नाहीच, 'स्क्रू पाइलड्रायव्हर' आहे. पाइल म्हणजे पुलाच्या वगैरे पायासाठी जमिनीत ठोकायचा खांब, आणि पाइलड्रायव्हर ते ठोकायचं यंत्र. वजन वर न्यायचं आणि खांबाच्या डोक्यावर सोडायचं. अमेरिकेतल्या शोच्या कुस्तीवाल्यांनी ते नाव उचललं. समोरच्याचं डोकं आपल्या मांड्यांत धरायचं, त्याला उलटा उचलायचा आणि बसकण मारायची, म्हणजे माणूसच खांब झाला. आता स्क्रूला आपल्याकडे 'मळसूत्र' असा सुंदर शब्द असताना कुणी वापरत नाही. मी सुचवतो, 'मळसूत्री स्तंभाघात'.

नांदेडी
सर, एवढं वाचून होईस्तोवर दुसरी फाईट चालू होती.

लालमाती
पहिल्यांदा त्याला डाव म्हणणं बंद करा. बारा वर्षं तालमीत काढलीत म्हणून बोलतो. डाव म्हणजे ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी. आणि ज्याला तोड असते तोच डाव. हे नुसतं आपटणं आहे. कुस्तीत पाठ टेकवायची असते, मान मोडायची नसते, असलं काही केलं तर पंच तिथंच बाहेर काढील. खाशाबा जाधवांचा ढाक नावाजलेला, त्याच्यावर माणूस कसा अलगद चीत व्हायचा ते जुन्या लोकांना विचारा. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकात त्यांना ब्राँझ मिळालं तेव्हा पुढं दोघंच होते, जपानचा इशिई आणि सोव्हिएत रशियाचा मामादबेयोव्ह. आता जपानी लोकांनी रशियन पैलवान काढलाय आणि आपण त्याच्या आपटण्याचं बारसं करत बसलोय.

ज्वारीची_भाकर
दादा, डाव म्हणजे आमच्या घरात वरण वाढायचा पण असतो, त्याला कुठं तोड असती?
आणि पार्लरमध्ये 'एक डाव खेळू दे' म्हणजे एक गेम. एका डावात किती डाव टाकले, हे वाक्य कुणी चूक म्हणणार आहे का?

नांदेडी
मी तर म्हणतो 'पेच' घ्या. पेच म्हणजे कुस्तीतला पेच, आणि स्क्रू म्हणजे बी पेचच, म्हणून तर पेचकस म्हणतो आपण. एका शब्दात दोन्ही बसलं. त्या जपान्याला मराठवाड्यात पाठवला असता तर त्यानं स्वतः हेच ठेवलं असतं.

अंबानगरी
युक्ती चांगली आहे पण पेच फारसी आहे. निजाम जाऊन इतकी वर्षं झाली, आपण अजून त्याचीच भाषा सोडायला तयार नाही.

नांदेडी
सर, मग कुस्ती बी सोडा, फारसी. पैलवान सोडा, फारसी. तालीम तर अरबीच. उरलं काय, नुस्ता आखाडा?

अंबानगरी
आखाडा संस्कृत 'अक्षवाट'वरून. तो ठेवू.

लालमाती
झालं. मोकळा आखाडा घ्या आणि नारळ फोडा.

दांडीमोड्या
अहो मंडळी, उद्या रात्री. शिवाय भाच्यानं नवीनच सांगितलं, झँगीफ हे नाव पण आधी नव्हतं म्हणे. बनवताना 'व्होडका गोबाल्स्की' ठेवलेलं, मग खऱ्या एका सोव्हिएत पैलवानावरून, व्हिक्टर झांगिएव्हवरून, बदललं. त्यांना गड्याचं नाव बदलता आलं तर मला डावाचं का येऊ नये?

ज्वारीची_भाकर
मग खांबाला 'मेढ' म्हणा की. मुहूर्तमेढ सगळे म्हणतात, रोवलेली मेढ किती जणांनी बघितलीय? आणि मला तर ती स्क्रीन आठवली की आमचं मळणीचं खळंच दिसतं. मधोमध तिवडा, त्याला बैल जुंपलेले, पात सुरू, दिवसभर गोल गोल. गोल फिरणं आणि मधला खांब, दोन्ही तिथंच आहेत. पट्टीवर 'तिवडा' लिहा. वडील पात हाकायचे तेव्हा मी कणसाच्या ढिगावर बसून उगं बैलांचे फेरे मोजायची, शंभराच्या पुढं झोप लागायची.

अंबानगरी
ताई, तिवडा हे उत्तम! फक्त आमच्या भागात त्याला मेढच म्हणत. 'मेढ' संस्कृत 'मेथि'वरून, अर्थ तोच, खळ्यातला खांब. म्हणजे मुहूर्तमेढ हा शब्द मांडवात यायच्या आधी खळ्यात असणार, असं माझं फार दिवसांचं मत आहे.

लालमाती
सर, मांडवाची मेढ वेगळी आणि खळ्याचा तिवडा वेगळा. तिवडा म्हणजे नुसता खांब नव्हे, बैलाचा दिवसभराचा ताण झेलायचा असतो. हाताएवढा तरी जमिनीत जायला पाहिजे.

नांदेडी
आमचा लिंबाचा होता.

दांडीमोड्या
पट्टीचं काय करू? 'चक्री' ठेवलं तर कुणाचा जीव जाणार आहे का?

ज्वारीची_भाकर
लिंबाचा? लिंब टिकतो का तेवढा? आमच्याकडं बाभूळच.

लालमाती
बाभूळच. आमचा थ्रेशर आल्यावर उपटून गोठ्यात रोवला, अजून म्हैस त्यालाच बांधतो.