मदत हवी आहे: फीटची गोळी चालू असलेल्या कुत्र्याला घरगुती बोर्डिंगमध्ये ठेवावं का?

नमस्कार मंडळी,

तुळशीचं लग्न लागलं की लगेच नागपूरला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. घरचंच कार्य, दोघांनाही जावं लागणार. प्रश्न गोट्याचा आहे. गोट्या आमचा गावठी कुत्रा, वय नऊ, वजन बावीस किलो, स्वभावाने गरीब. त्याला फीट येतात म्हणून फिनोबार्बिटोन चालू आहे, सकाळी आठ आणि रात्री आठ. आता फीट क्वचितच येते, पण डोस चुकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोन बर्थचा बंद कप्पा) मिळायला हवा, आणि तो मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. शिवाय लग्नघरात त्याच्याकडे बघणार कोण? पिंजऱ्यांचं एक बोर्डिंग बघून आले. जागा स्वच्छ, पण रात्री कुलूप लावून माणूस घरी जातो. ते बाद.

मग ओळखीतून सिंहगड रोडच्या एक काकू कळल्या. स्वतःच्या फ्लॅटमध्ये तीन-चार कुत्री ठेवतात. गेल्या गेल्या त्यांनी लसीचं पुस्तक मागितलं, रेबीज आणि नाइन-इन-वन या एकत्रित लसीच्या तारखा बघितल्या, केनल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस राहिली असेल तर आधीच देऊन या म्हणाल्या. कानामागे बोटं फिरवून गोचीड शोधली. बाल्कनीला जाळी आहे. गोट्या त्यांच्या लॅब्रेडॉरशेजारी जाऊन आडवाच झाला. मी मनातल्या मनात ॲडव्हान्स देऊन मोकळी!

निघताना सहज विचारलं, फीट आली तर काय कराल?

"अगं, कांदा हुंगवायचा. आमच्या गावाला माणसांनाही तेच करतात."

इथे घोडं अडलंय. मी सांगितलं, कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात हात तर अजिबात नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. त्यांनी नीट ऐकून घेतलं. उलट त्यांनीच विचारलं, की रात्री अडीचला एवढं धूड दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय मी एकटी उतरवणार कशी? हा प्रश्न त्यांना पडला, हे मला आवडलं.

शिवाय गोळीमुळे भूक-तहान अचाट. दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घालतो आणि रात्री एकदा शूला न्यावंच लागतं.

ज्यांनी औषधं चालू असलेलं कुत्रं असं ठेवलंय, त्यांनी सांगा: गोळी दिल्याचा रोज व्हिडिओ मागणं फार वाईट दिसतं का? उपचाराच्या खर्चाची परवानगी आधीच लिहून देता का? आणि त्या भागात रात्री खरोखर उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता? फोन चोवीस तास चालू नकोय, दार उघडं हवंय.

"आईकडे ठेवा" सुचवू नका. आई गोट्याला घाबरते आणि गोट्या आईला.

प्रतिसाद १

मी स्वतः घरी कुत्री ठेवते. व्हिडिओ बिनधास्त मागा. मी तर न मागता पाठवते, मागाहून "दिलीच नव्हती" ऐकायला नको. गोळ्या वार लिहिलेल्या डबीत द्या, दोन दिवसांच्या जास्तीच्या द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. गोळी कशात घालून खातो तेही लिहा, नाहीतर पोळी खाऊन गोळी सोफ्याखाली सापडते. जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. उतरवायला जाड चादर आणि दोन माणसं लागतात, तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवायला सांगा. खर्चाची परवानगी रकमेसकट लिहूनच द्या. आणि तुम्ही पुण्यात असतानाच एक रात्र ठेवून बघा.

प्रतिसाद २

मी नाही ठेवणार. तुळशीच्या लग्नाचे फटाके, नवं घर, नवी कुत्री, इतका ताण फीटवाल्या कुत्र्याला कशाला? काकूंनाच तुमच्याकडे झोपायला बोलवा.

धागाकर्ती

विचारलं होतं. स्वतःची कुत्री सोडून येता येणार नाही म्हणाल्या, तेही बरोबरच आहे. फटाक्यांचं मात्र डोक्यात आलं नव्हतं, डॉक्टरांशी बोलते. शनिवारी एक रात्र ठेवून बघतेय, चादर घेऊनच जाईन. दवाखान्याचं अजून कोणीच सांगितलं नाहीये हो!